एज्युकेशनमध्ये मास्टर्स किंवा पीएचडीला अप्लाय करताय? मग कुठून सुरुवात करायची ते वाचा

अमेरिकेतल्या विद्यापीठात एज्युकेशनमध्ये मास्टर्स किंवा पीएचडी करायची असं मनात आलं की माणूस आधी नेटवर शोधायला बसतो, आणि तिथे जे सापडतं ते बहुतेक सगळं इंजिनीअरिंग आणि एमबीएवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. जीआरईला (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा) किती पडले पाहिजेत, टॉप २० मध्ये कोण आहे, पॅकेज काय मिळतं, वगैरे. एज्युकेशनच्या अ‍ॅडमिशन कमिटीला यातल्या बऱ्याच गोष्टींत फारसा रस नसतो. त्यांना बघायचं असतं की या माणसाला शिकण्या-शिकवण्यातलं नेमकं काय समजून घ्यायचंय आणि त्यासाठी आमच्याकडेच का यायचंय.

मी शाळेत शिकवत असताना अप्लाय केलं होतं, आणि आता दरवर्षी नवीन लोकांचे ड्राफ्ट वाचते. गोंधळ दर वेळी त्याच त्याच जागी होतो. म्हणून क्रमाने लिहितेय.

१. आधी डिग्री कोणती ते नीट समजून घ्या

इथे घाई करू नका, कारण नावं सारखी दिसतात आणि काम वेगळं असतं.

एमएड (हार्वर्डसारख्या ठिकाणी हीच डिग्री ईडीएम म्हणून लिहितात) ही साधारण प्रॅक्टिसकडे झुकलेली असते. शाळेत, संस्थेत, करिक्युलम किंवा लीडरशिपच्या कामात पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी. एमए किंवा एमएस इन एज्युकेशनमध्ये बऱ्याचदा रिसर्चचा भाग जास्त असतो, कधी थीसिस असतो. पण हा काही पक्का नियम नाही, प्रत्येक विद्यापीठाचा आपला हिशोब असतो, म्हणून नावावर जाऊ नका, कोर्सेसची यादी उघडून वाचा. मास्टर्सला १ ते २ वर्षं लागतात.

एमएटी म्हणजे मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग, ही मुख्यतः अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये शिक्षक होण्यासाठी. यात लायसन्सचा भाग येतो, आणि तिथे प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं असतं. इथे बरेच जण अडकतात! एका राज्याच्या नियमाप्रमाणे तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा चालेल असं नाही. तुम्हाला तिथल्या शाळेत शिकवायचं नसेल तर लायसन्स नसलेला ट्रॅक बघा, नाहीतर स्टुडंट टीचिंगमध्येच (शाळेतल्या सरावातच) अख्खं सेमिस्टर जाईल.

मग येतात डॉक्टरेट. पीएचडी आणि ईडीडी (डॉक्टर ऑफ एज्युकेशन). ढोबळमानाने पीएचडी म्हणजे संशोधक आणि प्राध्यापक व्हायचंय त्यांच्यासाठी, आणि ईडीडी म्हणजे काम करता करता आपल्याच संस्थेतला प्रश्न सोडवू पाहणारे प्रिन्सिपल, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर वगैरे लोकांसाठी. हा फरक आधी इतका स्पष्ट नव्हता. ईडीडी ही डिग्री पहिल्यांदा दिली ती हार्वर्डच्या एज्युकेशन स्कूलने, जी १९२० मध्ये सुरू झाली, आणि आज तिथेच संशोधनासाठी पीएचडी आहे, ईडीडीला नवीन विद्यार्थी घेत नाहीत. २००७ मध्ये कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट सुरू झाला तो याच कारणाने, ईडीडीला प्रॅक्टिसची डिग्री म्हणून स्वतःची ओळख मिळावी म्हणून. उलट कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये दोन्ही आहेत आणि तिथली ईडीडी बऱ्याच विभागांत चांगली रिसर्चवाली असते. तर सांगायचं हे की 'ईडीडी सोपी असते' असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, आणि फंडिंग बघा, कारण फुल फंडिंग मिळायची शक्यता जास्त करून पीएचडीलाच असते, ईडीडीला बहुतेक ठिकाणी पैसे खिशातून भरायला लागतात.

पीएचडीला मास्टर्स लागतेच असंही नाही. काही प्रोग्रॅम थेट बॅचलर्सनंतर घेतात, काही जण २-३ वर्षांचा शिकवण्याचा अनुभव मागतात. तीन वर्षांची पदवी असेल तर ती चालते का ते आधी अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करून विचारा, कारण काही विद्यापीठं चार वर्षांच्या बरोबरीची मागतात. उत्तर आलं की तो मेल जपून ठेवा.

२. 'एज्युकेशन' म्हणजे नेमकं काय ते ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. एज्युकेशन स्कूलच्या आत करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन, लर्निंग सायन्सेस, एज्युकेशनल सायकॉलॉजी, एज्युकेशन पॉलिसी, हायर एज्युकेशन, स्पेशल एज्युकेशन, मेझरमेंट, इंटरनॅशनल अँड कम्पॅरेटिव्ह एज्युकेशन, टीसॉल (इतर भाषिकांना इंग्रजी शिकवणं) असे कितीतरी विभाग असतात आणि प्रत्येकाची कमिटी वेगळी, भाषा वेगळी.

समजा तुम्हाला पडलेला प्रश्न असा आहे की मुलं शाळा मध्येच का सोडतात. हाच प्रश्न पॉलिसीवाले सरकारी डेटा आणि खर्चाच्या अंगाने बघतील, सायकॉलॉजीवाले मोटिव्हेशनच्या अंगाने, सोशिऑलॉजीवाले घर, जात, वर्ग, स्थलांतर यांच्या अंगाने, आणि करिक्युलमवाले विचारतील की वर्गात शिकवलं जातंय ते त्या मुलाच्या आयुष्याशी जुळतंय का. तुम्हाला यातलं कुठलं उत्तर शोधायला आवडेल? ते कळलं की विभाग कळला. ते न ठरवता अर्ज केला तर चांगला उमेदवार असूनही 'आमच्याशी फिट नाही' म्हणून नकार येतो, आणि तो नकार कशामुळे आला हे कुणी सांगत नाही.

कसं शोधायचं? एरिक नावाचा डेटाबेस आहे, अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा, फुकट आहे. त्यात आपल्या प्रश्नाचे शब्द टाकून गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर काढा. सगळे वाचायची गरज नाही, सारांश वाचा आणि लेखक कुठल्या विद्यापीठात, कुठल्या विभागात आहेत ते लिहून ठेवा. काही दिवसांत तीच तीच नावं दिसायला लागतील. ती नावं म्हणजेच तुमची यादी.

३. यादी बनवा, पण रँकिंगवरून नको

साधारण सहा ते आठ प्रोग्रॅम पुरेत. त्याहून जास्त घेतले तर प्रत्येक एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे काय आणि का शिकायचंय ते सांगणारा निबंध) पातळ होत जातो. स्प्रेडशीट करा आणि प्रत्येकासमोर हे लिहा: डिग्रीचं नेमकं नाव, विभाग, डेडलाइन, कुणाबरोबर काम करायचं ते दोन-तीन प्राध्यापक, फंडिंग, जीआरई लागते का, अर्ज कुठल्या पोर्टलवर भरायचा.

हे पोर्टलचं गंमत म्हणून सांगत नाहीये. टीचर्स कॉलेज कोलंबियाशी जोडलेलं असलं तरी त्याची अ‍ॅडमिशन स्वतंत्र आहे. हार्वर्डची एज्युकेशनमधली पीएचडी ग्रॅज्युएट स्कूल ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसच्या पोर्टलवरून जाते आणि मास्टर्स एज्युकेशन स्कूलकडून. व्हँडरबिल्टच्या पीबॉडी कॉलेजचंही तसंच, पीएचडी ग्रॅज्युएट स्कूलमधून आणि एमएड पीबॉडीकडे. चुकीच्या पोर्टलवर खातं उघडून तुमचा प्रोग्रॅम ड्रॉपडाउनमध्ये शोधत बसाल आणि तो तिथे नसेलच.

पीएचडीवाल्यांनी प्राध्यापकांना मेल करावा का? करावा, पण आधी विभागाच्या पानावर बघा, काही ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं असतं की करू नका. मेल छोटा ठेवा: तुम्ही कोण, त्यांचा कुठला पेपर वाचला आणि त्यातून तुमच्या कामाशी काय जुळलं, आणि या वर्षी ते नवीन विद्यार्थी घेतायत का. बस. हा शेवटचा प्रश्न खरा कामाचा आहे, कारण ज्यांच्यासाठी आपण अर्ज करतोय ते निवृत्त होतायत किंवा दुसरीकडे चाललेत हे वेबसाइटवर महिनोन्महिने दिसत नाही. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, त्याचा अ‍ॅडमिशनशी संबंध नसतो.

अजून एक. बरेच ईडीडी आणि एमएड पूर्ण ऑनलाइन असतात. त्यावर एफ-१ व्हिसा (विद्यार्थी व्हिसा) मिळत नाही. तिथे जाऊन शिकायचंय तर 'ऑन कॅम्पस' लिहिलंय का ते बघा.

४. वेळापत्रक

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी पीएचडीच्या डेडलाइन बहुतेक आदल्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात, मास्टर्सच्या डिसेंबर-जानेवारीत, काही पुढेही चालतात. म्हणजे मागे मोजलं तर एप्रिल-मेमध्ये वाचायला सुरुवात, जून-जुलैत यादी, ऑगस्टमध्ये शिफारसपत्रांसाठी विचारणं, सप्टेंबरमध्ये एसओपीचा पहिला ड्राफ्ट, ऑक्टोबरपर्यंत परीक्षा उरकलेल्या. फुलब्राइटसारखी शिष्यवृत्ती डोक्यात असेल तर तिची डेडलाइन विद्यापीठाच्या कितीतरी महिने आधी येते, ते वेगळं लिहून ठेवा.

आणि डेडलाइनची वेळ तिकडची असते. कुठे ईस्टर्न, कुठे पॅसिफिक. शेवटच्या रात्रीवर ठेवूच नका.

५. लागणारी कागदपत्रं

- सगळ्या डिग्र्यांच्या ट्रान्सक्रिप्ट. बहुतेक ठिकाणी अर्जाच्या वेळी स्कॅन चालतो, अधिकृत प्रत अ‍ॅडमिशन मिळाल्यावर मागतात. काही ठिकाणी डब्ल्यूईएससारख्या (परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या) संस्थेकडून मूल्यांकन करून मागतात, त्याला आठवडे लागतात
- डिग्री सर्टिफिकेट, आणि मूळ इंग्रजीत नसेल तर अधिकृत भाषांतर
- एसओपी, आणि काही ठिकाणी वेगळं पर्सनल स्टेटमेंट
- सीव्ही किंवा रेझ्युमे
- शिफारसपत्रं, साधारण तीन, मास्टर्सला कधी दोन
- रायटिंग सॅम्पल, मुख्यतः पीएचडीला
- इंग्रजीची परीक्षा, आणि लागत असेल तर जीआरई
- पासपोर्ट

पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा. आडनाव आधी की नंतर, मधलं नाव आहे की नाही, लग्नानंतर बदललं का. परीक्षेचा स्कोअर एका नावाने आणि अर्ज दुसऱ्या नावाने गेला तर सिस्टिममध्ये दोन्ही एकत्र येतच नाहीत आणि तुमची फाइल 'इन्कम्प्लीट' म्हणून पडून राहते. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा.

शिक्षकांनी सीव्हीत 'इयत्ता पाचवी ते सातवी, गणित शिकवलं' एवढंच लिहू नये. किती मुलं, कुठल्या भाषेत, कुठलं साहित्य स्वतः तयार केलं, इतर शिक्षकांचं ट्रेनिंग घेतलं का, हे लिहा. आपल्याला रोजचं वाटतं ते कमिटीला माहीत नसतं.

६. एसओपी

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. मी जे ड्राफ्ट वाचते त्यातले निम्मे असे सुरू होतात: 'लहानपणापासून मला शिकवण्याची आवड आहे. शिक्षण हे समाज बदलण्याचं सर्वांत प्रभावी साधन आहे असा माझा ठाम विश्वास आहे.' यात खोटं काहीच नाही, पण हे वाक्य त्या ढिगातला प्रत्येक जण लिहू शकतो आणि लिहितोच.

आता हे बघा (अर्जात अर्थात इंग्रजीत लिहायचं): 'माझ्या चौथीच्या वर्गातली मुलं तोंडी हिशोब पटापट करायची. तोच हिशोब शाब्दिक उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिला की हात वर यायचा, बाई, बेरीज करायची की वजाबाकी? मी उदाहरण मोठ्याने वाचून दाखवलं की त्यातली काही मुलं लगेच सोडवायची, काही तरीही अडायची.'

या तीन-चार वाक्यांत काय काय आलं बघा. तुम्ही वर्गात होता हे आलं, तुम्ही नीट बघितलं हे आलं, एक छोटा प्रयोग करून पाहिला हे आलं, आणि मुख्य म्हणजे एक खरा प्रश्न आला: अडचण गणितात आहे की वाचनात, की दोन्हीच्या मधे कुठेतरी? आता इथून पुढे लिहिता येतं की या प्रश्नावर मी काय वाचलं, त्यात काय पटलं, काय अपुरं वाटलं, मला कुठली पद्धत शिकायचीय (वर्गातलं निरीक्षण, मुलाखती, की संख्याशास्त्र), आणि तुमच्या विभागातले अमुक दोन प्राध्यापक यावर काम करतात म्हणून मी इथे अर्ज करतेय. शेवटी पुढे काय करायचंय. झाला एसओपी.

प्राध्यापकांची नावं नुसती टाकू नका. 'प्रोफेसर अमुक यांच्याबरोबर काम करायला मला आवडेल' हे कुणीही लिहितं. त्यांच्या कामातली कुठली गोष्ट तुमच्या प्रश्नाला हात लावते ते एका वाक्यात सांगा. आणि एकाच माणसावर सगळा अर्ज टांगू नका, दोन-तीन जण हवेत.

मुलांबद्दल लिहिताना त्यांची खरी नावं, ओळख पटेल असे तपशील टाळा. आणि कृपा करून 'गरीब बिचारी मुलं आणि त्यांना वाचवणारा मी' असा सूर लावू नका, एज्युकेशनच्या कमिट्यांना तो फार खटकतो आणि बरोबरच आहे, त्या मुलांकडेही काही ज्ञान असतं, घरची भाषा असते, अनुभव असतो, ते तुमच्या लिखाणात दिसलं पाहिजे.

पीएचडीचा एसओपी रिसर्चवर, एमएडचा तुमच्या कामावर आणि पुढच्या कामावर. शब्दमर्यादा पाळा. आणि दुसऱ्या विद्यापीठाचं नाव चुकून राहिलंय का ते सबमिट करायच्या आधी सर्च करून बघा.

७. शिफारसपत्रं

मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसापेक्षा तुमचा तास बघितलेले मुख्याध्यापक किंवा तुमचा प्रोजेक्ट तपासलेले सर केव्हाही चांगले. पीएचडीसाठी तीनातले निदान दोघं तुमच्या अभ्यासाबद्दल बोलू शकणारे हवेत.

विचारताना असं विचारा: 'मॅडम, माझ्याबद्दल सविस्तर आणि चांगलं पत्र लिहिणं तुम्हाला जमेल का?' हो-नाहीची मोकळीक द्या, कारण नाईलाजाने लिहिलेलं पत्र कोमट येतं. हो म्हणाल्या की एकाच मेलमध्ये सगळं पाठवा: सीव्ही, एसओपीचा ड्राफ्ट, विद्यापीठांची यादी डेडलाइनसकट, आणि एक पान ज्यात तुम्ही त्यांच्याबरोबर केलेल्या कामातले दोन-तीन प्रसंग आठवण म्हणून लिहिलेत. 'मेहनती आणि प्रामाणिक आहे' या पत्राने काही होत नाही, 'हिने वाचनाचा तास असा बदलला आणि मी स्वतः जाऊन पाहिला' याने होतं. 'तूच लिहून आण, मी सही करते' असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा आणि हेच मुद्द्यांचं पान द्या. तीनही पत्रं एकाच हाताची वाटली तर लगेच ओळखू येतं.

अर्जात विचारतात की हे पत्र बघायचा हक्क सोडताय का. 'हो, सोडते' असं टिक करा, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं. पत्र अपलोड करायची लिंक पत्र लिहिणाऱ्यांच्या संस्थेच्या ईमेलवर जाऊ द्या, आणि ती स्पॅममध्ये गेली का ते विचारा. डेडलाइनच्या दोन आठवडे आधी एकदा आणि तीन-चार दिवस आधी एकदा आठवण करायला लाजू नका.

८. परीक्षा

बऱ्याच एज्युकेशन स्कूलनी जीआरई काढून टाकलीय किंवा ऐच्छिक केलीय, त्यामुळे यादी झाल्याशिवाय जीआरईची फी भरू नका. लागत असेल तर आता ती छोटी झालीय, सप्टेंबर २०२३ पासून साधारण दोन तासांची, स्कोअर ५ वर्षं चालतो. टोफेल, आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा २ वर्षं. आयईएल्टीएस देताना 'अकॅडमिक' निवडा, 'जनरल ट्रेनिंग' नको. पदवी इंग्रजी माध्यमातून असेल तर काही ठिकाणी सूट मिळते.

९. पैसे

पीएचडीला चांगल्या प्रोग्रॅममध्ये ट्यूशन माफ आणि वर स्टायपेंड असतो, त्याबदल्यात रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंट म्हणून काम, आठवड्याला २० तासांपर्यंत. किती वर्षांची हमी आहे, उन्हाळ्यात पैसे मिळतात का, हेल्थ इन्शुरन्स कोण भरतं, हे विचारा. मास्टर्सला बहुतेक वेळा थोडी सवलत मिळते, बाकी आपले. कर्ज काढून एमएड करायचा विचार असेल तर परत येऊन शिक्षणक्षेत्रात मिळणाऱ्या पगारातून ते फिटेल का हा हिशोब आधी कागदावर मांडा. अर्जाची फी जास्त वाटत असेल तर फी वेव्हर (फी माफी) मागा, मागितला तर बऱ्याचदा मिळतो.

डिग्रीनंतर तिथे काम करून बघायचं असेल तर प्रोग्रॅमचा सीआयपी कोड (अमेरिकेतल्या अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गवारीचा नंबर) विचारा. एज्युकेशनचे बहुतेक कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) येत नाहीत, म्हणजे ओपीटी (डिग्रीनंतर तिथे काम करायची परवानगी) १२ महिन्यांचीच, पण एज्युकेशनल टेक्नॉलॉजी, एज्युकेशनल स्टॅटिस्टिक्स अँड रिसर्च मेथड्स, इव्हॅल्युएशन अँड रिसर्च हे कोड स्टेमच्या यादीत आहेत आणि त्यांना आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. नियम बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षी पुन्हा तपासा.

१०. सबमिट केल्यावर

पोर्टलची चेकलिस्ट रोज नाही पण दर आठवड्याला बघा, काही राहिलं असेल तर तिथेच दिसतं. पीएचडीचे इंटरव्ह्यू जानेवारी-फेब्रुवारीत होतात, बहुतेक व्हिडिओवर. त्यात साधारण तीन गोष्टी विचारतात: तुमचा प्रश्न काय, तो कसा अभ्यासाल, आणि तुम्हाला आमच्याबद्दल काय विचारायचंय. या तिसऱ्याची तयारी नक्की करा. 'तुमचे विद्यार्थी पदवीनंतर कुठे जातात?' हा चांगला प्रश्न आहे.

ऑफर आली आणि त्यात फंडिंग असेल तर घाईने उत्तर द्यायची गरज नसते. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे, त्यावर सही केलेली विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तरासाठी दबाव आणू शकत नाहीत. सगळ्यांनी सही केलेली नाही, आणि बिनफंडिंगच्या मास्टर्सला ते लागू नाही, त्यामुळे ऑफर लेटरमधली तारीख वाचा. या काळात तिथल्या सध्याच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोला आणि गाइड वेळेवर ड्राफ्ट वाचतात का, पैसे वेळेवर येतात का, हे थेट विचारा. ज्या ऑफर नको आहेत त्या लवकर नाकारा, वेटलिस्टवर कुणीतरी थांबलेलं असतं.

हो कळवलं की लगेच आय-२० साठी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) पैशांचे पुरावे द्या. निदान पहिल्या वर्षाचा खर्च दाखवायला लागतो, फंडिंग असेल तर ते पत्र त्यात धरतात. आय-२० हातात आला की नाव, जन्मतारीख आणि डिग्रीचं नाव तपासा, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी भरा आणि व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेल तितकी लवकरची घ्या, कारण उन्हाळ्यात तारखा पटापट संपतात.